पाळी ४ महिने नाही, वजन ४६ किलो. अजून उतरवू का?

रानजाई
वय २९, उंची १६० सेंमी. ६ महिन्यांत वजन ५५ वरून ४६ किलोवर आलं, रोज तासभर धावणं चालू आहे. ४ महिने पाळी नाही, घरची प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'पीसीओडीसारख्या ओव्हरी' असं आलंय. पीसीओडीत वजन कमी करा म्हणतात, तर अजून २-३ किलो उतरवू का? आम्ही चान्स घेतोय.

कोरांटी
मुळीच नको. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) जेमतेम १८ येतो, १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन. तो सल्ला वजन जास्त असलेल्यांसाठी आहे. त्यांचं ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी बऱ्याचदा ओव्ह्युलेशन (बीज सुटणं) सुरू होतं. तुमचं गणित उलटं दिसतंय. खाणं कमी, व्यायाम जास्त झाला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचे संकेत मंदावतात, एलएच हे बीज सुटायला लावणारं हार्मोन उतरतं, बीज पिकत नाही, इस्ट्रोजेन घटतं आणि पाळी थांबते.

गोची अशी, की यातही सोनोग्राफीत बारीक फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) दिसू शकतात. पीसीओडी म्हणायला अनियमित पाळी, वाढलेलं अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) आणि ओव्हरीचं तसं चित्र या ३ पैकी २ गोष्टी लागतात. तुमच्यात २ भरतील, पण आधी बाकीची कारणं वगळायची असतात. नेमकं तेच राहून जातं.

मोरपंखी
रक्ताच्या तपासण्या: बीटा एचसीजी (रक्तातली प्रेग्नन्सी टेस्ट, घरच्या टेस्टवर थांबू नका), टीएसएच (थायरॉईडसाठी), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), एफएसएच (ओव्हरीला चालना देणारं हार्मोन), एलएच, इस्ट्रॅडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन), टेस्टोस्टेरॉन. प्रोलॅक्टिनचं रक्त धावून आल्याबरोबर देऊ नका, आकडा उगाच वाढलेला येतो. एलएच आणि इस्ट्रॅडिऑल दोन्ही कमी आले तर कोरांटी म्हणतात तेच कारण असण्याची शक्यता जास्त. एफएसएच खूप वाढलेलं असेल तर प्रश्न ओव्हरीचा, मग वाट बघत बसू नका. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी याच महिन्यात उरकून घ्या, ती नेहमी शेवटी आठवते. नमुन्याआधी २ ते ७ दिवस संबंध नकोत.

रानजाई
पाळी आणायच्या गोळ्या घेतल्या तर?

कोरांटी
त्याने रक्तस्राव आला तरी बीज तयार झालं असा अर्थ होत नाही. इस्ट्रोजेन कमी असेल तर गर्भाशयाचं अस्तरच पातळ असतं, मग काहीच येत नाही. क्लोमिफीन (बीज तयार व्हायची गोळी) हीसुद्धा अशा वेळी बऱ्याचदा चालत नाही. आधी वजन. निदान ४७.५ किलो, खरं तर ५१च्या आसपास (बीएमआय २०). रोज ३०० ते ५०० कॅलरी वाढवा, फॅट धरून. धावणं बंद किंवा अगदी थोडं. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढलं तरी पुरे. वजन भरल्यावरही पाळीला काही महिने लागू शकतात, तेवढ्यावरून पुन्हा डाएट सुरू करू नका.

मोरपंखी
एक भर. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर १०-१६ दिवसांनी. म्हणजे एकही पाळी न येता दिवस राहू शकतात. म्हणून ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आजपासूनच रोज, आणि अधूनमधून प्रेग्नन्सी टेस्ट. पाळी ६ महिन्यांच्या पुढे लांबली तर हाडांची घनता तपासायची का, हे डॉक्टरांना विचारा. इस्ट्रोजेन कमी राहिलं की हाडंही झिजतात.