रात्री बल्ब चालू की बंद? शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातलं तापमान

सह्यपठार, पुणे

परवा एका नवख्या पालकाने विचारलं, "डिसेंबरात रात्री खोली १८ अंशांवर येते, शॅमेलिऑनला किती वॅटचा लाल बल्ब लावू?" सगळ्यांनी वॅट सांगितले. 'लावू नका' असं एकानेही म्हटलं नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं: रात्री ऊब नकोच.

माझ्याकडे तीन वर्षांचा व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आहे, नर, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेला. नाव पाचू. (आपल्या रानातला देशी शॅमेलिऑन कायद्याने संरक्षित आहे, तो घरी आणायचाच नाही.) एक रात्र सोडली तर पाचूने कुठलीच हिवाळी रात्र उबेत काढलेली नाही. मूळचा हा प्राणी येमेन आणि सौदीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला. तिथल्या डोंगरांत दिवसा ऊन चटके देतं आणि रात्री चांगला गारवा पडतो. अरबस्तान म्हणजे चोवीस तास भट्टी, या समजापायी आपण या जिवांना रात्रभर शेकत ठेवतो.

माझ्याकडे दिवसा शेकायच्या फांदीवर २९ ते ३२ अंश, खालच्या पानांत २४-२५ आणि रात्री १६ ते १८ असतं. लाल उजेड त्यांना दिसत नाही, ही दुकानदारांची थाप आहे. त्यांना रंग उत्तम दिसतात, अतिनील किरणसुद्धा दिसतात. मी एकदाच लाल बल्ब लावला होता. रात्री दोनदा उठून पाहिलं, दोन्ही वेळा पाचूचा एक डोळा टक्क उघडा आणि अंगावर ताणाचे गडद पट्टे. सकाळी बल्ब काढून टाकला.

द्राक्षबाग, निफाड

दादा, तुमची खोली पुण्यातली, सिमेंटच्या भिंतींची. आमचं घर मळ्यात आणि वर पत्रे. जानेवारीत इथे बाहेर पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. गेल्या वर्षी पहाटे पाच वाजता पिंजऱ्यात ११ अंश होते. माझं पिल्लू जेमतेम चार महिन्यांचं. दोन दिवस त्याने रातकिड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, फांदीला घट्ट धरून काळंठिक्कर बसलेलं.

मग सिरॅमिक हीटर आणला. त्याला उजेड नसतो, नुसती ऊब. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र, १८ वर लावला आणि पिंजऱ्याच्या तीन बाजूंना जाड चादर, पुढची बाजू हवेसाठी मोकळी. तिसऱ्या दिवशी पिल्लू खायला लागलं. 'रात्री ऊब नकोच' हे तुमचं वाक्य मी तेव्हा वाचलं असतं तर पिल्लू गमावलं असतं.

सह्यपठार, पुणे

ताई, ११ अंशांत पिल्लू ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण हा प्राणी गारव्यासाठी घडलेला आहे, हेही खरं. २०१० साली अँडरसन आणि डेबन या अमेरिकी संशोधकांनी व्हेल्डच्याच जिभेचा वेग वेगवेगळ्या तापमानांना मोजला. पार १५ अंशांवरही जीभ जोरात सुटत होती, १० अंशांच्या घसरणीमागे कामगिरी फार तर १० ते १९ टक्के घटली. पहाटेच्या गारठ्यात, बाकीचे सरडे सुस्त असताना हा शिकार करू शकतो.

पशुवैद्य, सांगली

त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग तुम्ही सोडलात. जीभ बाहेर सुटते ती ताणलेल्या तंतूंच्या जोरावर, धनुष्यातून बाण सुटावा तशी. आत ओढताना मात्र थेट स्नायू लागतात, आणि तिथे त्याच १० अंशांना ४२ ते ६३ टक्के घट दिसली. भक्ष्य पकडलं म्हणजे पचलं असं नाही. अंग गार असेल तर पोटाचं काम रेंगाळतं. म्हणून रात्री गारवा हवा असेल तर शेवटचं खाणं दुपारी, आणि त्यानंतर दोन-तीन तास शेकायला मिळालेच पाहिजेत.

मात्र लाल बल्बाबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने. माझ्याकडे गारठलेल्यांपेक्षा भाजलेले शॅमेलिऑन जास्त येतात. पाठीच्या कण्यावर किंवा डोक्याच्या तुऱ्यावर काळी, कडक खपली. लोक तापमान फांदीवर मोजतात, ३१ दिसलं की निश्चिंत. पण प्राणी फांदीवर बसला की तुरा बल्बच्या कितीतरी जवळ जातो आणि तिथे ४० च्या वर असतं. मोजायचं ते तुऱ्याच्या उंचीवर, वायरच्या टोकाला सेन्सर असलेल्या डिजिटल थर्मामीटरने. काचेला चिकटवायची तापमानाची गोल तबकडी काढून टाका.

ऑरेंजसिटी, नागपूर

तुम्ही सगळे थंडीवर बोलताय. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतात, तिथे थर्मोस्टॅट काय करणार? तो बल्ब बंद करेल, खोली गार नाही करणार. माझ्याकडे पँथर शॅमेलिऑन होता, मादागास्करचा. दुपारी अंग फिकट पिवळं, तोंड उघडं. कूलर लावून दिवसा ३१-३२ पर्यंत आणत होतो. रात्र मात्र ३० च्या खाली उतरायचीच नाही. पहिलं पोस्ट मनापासून पटलं, त्याला रात्रीचा गारवा हवाच. मला तो देता आला नाही. एसी घेतला, पण लाइन गेली की वीस मिनिटांत खोली तापते. शेवटी पुण्यातल्या मित्राकडे दिला. माझं ठाम मत, ज्याच्या घरी उन्हाळ्यात रात्र २४-२५ पर्यंत उतरत नाही, त्याने शॅमेलिऑन आणू नये.

द्राक्षबाग, निफाड

हे कठोर वाटतं, पण पटलं.

सह्यपठार, पुणे

मलाही पटलं, आणि मेमध्ये पुण्यातल्या वरच्या मजल्यांनाही ते लागू आहे. माझं 'रात्री ऊब नकोच' हे वाक्य बदलतो: मोठ्या, निरोगी व्हेल्डला १५ च्या वर रात्री ऊब नको. त्याखाली, किंवा पिल्लू वा आजारी असेल तर उजेड नसलेला हीटर, थर्मोस्टॅटसकट. खाण्याची वेळ डॉक्टर सांगतात तीच. ज्या पालकाने प्रश्न विचारला होता त्यांनी इथे दोनच गोष्टी कळवाव्यात, शॅमेलिऑनचं वय आणि उद्या पहाटे पाचचा आकडा. तोवर लाल बल्ब विकत घेऊ नका.