मदत हवी आहे: एम.ए. मानसशास्त्र झालं, सातारा-सांगलीत राहून पुढे काय करता येईल?

कोरेगावची

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबेल थोडं, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

मी कोरेगाव तालुक्यातली. बी.ए. साताऱ्यात, एम.ए. शिवाजी विद्यापीठाचं, ६२ टक्के. निकाल लागून चौदा महिने झाले. घरी दीड एकर ऊस, भाऊ बारावीत.

गेल्या वर्षी एका सरकारी कार्यालयात कंत्राटी पदांच्या थेट मुलाखती होत्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची एक जागा होती. सकाळी सातला घर सोडलं, साडेनऊपासून रांगेत उभी. कागदपत्रं तपासणाऱ्या बाईंनी माझी फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, परत पहिल्या पानावर आल्या आणि म्हणाल्या, "आरसीआयचा नोंदणी क्रमांक कुठाय?" मला काही कळेना. त्यांनीच हळू आवाजात सांगितलं, "अगं, त्याशिवाय हा अर्ज पुढे जातच नाही." पाच वर्षं मानसशास्त्र शिकले, पण हा शब्द वर्गात एकदाही ऐकला नव्हता. आमच्या बॅचमधल्या सात जणींना विचारलं. सहा जणींना माहीत नव्हता. याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर एका करिअर मार्गदर्शन केंद्रात लागले. पगार आठ हजार. काम काय, तर मुलांच्या दहा बोटांचे ठसे मशिनवर घ्यायचे आणि वरून आलेला रंगीत अहवाल पालकांना वाचून दाखवायचा. हा उजव्या मेंदूचा, याला सायन्स झेपणार नाही, असं. वडूजकडचे एक गृहस्थ नववीतल्या मुलाला घेऊन आले होते. साडेतीन हजार रुपये रुमालात बांधून आणलेले, टेबलावर ठेवून त्यांनी दोनदा मोजले. मुलाला चित्रकला आवडत होती, ते त्यानं मला जिन्यात सांगितलं. अहवालात त्यातलं काहीच नव्हतं. मी तो वाचून दाखवला. दीड महिन्यात नोकरी सोडली, पण ते पैसे मोजणं अजून डोळ्यांसमोर आहे.

या विषयात मी का आले तेही सांगते. माझी आत्या बाळंतपणानंतर चार महिने धड झोपली नाही, बाळाकडे बघायची नाही, बोलायची नाही. आम्ही तिला तीन ठिकाणी अंगारे-धुपारे करून आणलं. शेवटी कुणीतरी मिरजेच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. औषधं आणि बोलणं, दोन्ही सुरू झालं आणि पाच-सहा महिन्यांत आत्या परत आमची आत्या झाली. आमच्या पंचक्रोशीत असं विचारायला जावं असं कुणी नव्हतं. अजूनही नाही.

आता समोर असलेले रस्ते: कऱ्हाडजवळच्या एका निवासी शाळेत समुपदेशक म्हणून नऊ हजार, राहणं-जेवण तिथंच. काका म्हणतात एमपीएससी दे. आई म्हणते बी.एड. कर. आणि मला वाटतं की आरसीआयचं शिक्षण घ्यावं, पण फीचे आकडे ऐकून बाबांना सांगायचं धाडस होत नाही. पुण्यात कायमचं जायचं नाही. कुणी या वाटेनं गेलं असेल तर कृपया खरं काय ते सांगा. दिलासा नसला तरी चालेल.

ऊसतोड_ते_स्पर्धा

काका बरोबर सांगतात. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत वैकल्पिक विषयांच्या यादीत मानसशास्त्र आहे, यूपीएससीलाही आहे. तुझा पाया झालेला आहे. पण दोन-तीन वर्षं पूर्ण वेळ दे, अर्ध्या मनानं करू नकोस. मी अर्ध्या मनानं चार वर्षं घालवली.

मिरजकर

ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, मिरजेत काम करते. तुझं लिहिणं दोनदा वाचलं. तुला कुणी सांगितलं नाही ते आधी सांगते.

आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. १९९२ च्या कायद्यानं आलेली. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायचं तर या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं, आणि नुसत्या एम.ए.वर ते लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही व्याख्या तशीच आहे: परिषदेनं मान्यता दिलेली पात्रता, किंवा एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. आणि त्यात देखरेखीखाली रुग्णांबरोबरचं काम. म्हणून त्या बाईंनी तुझी फाईल परत दिली. त्यांचं चुकलं नाही.

आता गुंता असा की एम.फिल. ही पदवीच बंद होत चालली आहे. यूजीसीनं क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी अपवाद करून २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदत दिली होती. त्याच्या जागी परिषदेचं स्वतःचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि पुढे साय.डी. (डॉक्टरेटच्या पातळीची पदवी) असे अभ्यासक्रम आणलेत. तेव्हा कुठल्याही संस्थेचं माहितीपत्रक बघून पैसे भरू नकोस. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, तिच्यात संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यतेचं वर्ष तिन्ही जुळतात का बघ. दोन जुळून तिसरं न जुळल्यामुळे फसलेली मुलगी माझ्या माहितीत आहे.

फीचं म्हणशील तर खासगी विद्यापीठात लाखांत जाते हे खरं. पण बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या केंद्र सरकारच्या संस्थेत विद्यावेतन मिळतं. पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था राज्य सरकारची आहे. जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा कठीण. माझी दुसऱ्या खेपेला लागली. बाबांना सांगताना खासगीचा आकडा आधी सांगू नकोस.

मानसशास्त्राला काम नाही असं म्हणणाऱ्यांनी दिव्यांग प्रमाणपत्राच्या दिवशी सरकारी दवाखान्यात येऊन बघावं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून पहाटे निघालेल्या आया बाहेर बसलेल्या असतात. मागच्या महिन्यात एक सात वर्षांचा मुलगा होता. त्याच्यासमोर मी सेग्विनचा फॉर्म बोर्ड ठेवला. लाकडी पाटी, तिच्यात दहा आकारांचे खड्डे, आणि त्यात बसणारे दहा ठोकळे. मूल किती सेकंदांत बसवतं ते घड्याळ लावून तीनदा बघायचं. पहिल्या वेळी तो चांदणी चौकोनात दाबत राहिला. दुसऱ्या वेळी थांबला, बोटानं खड्ड्याची कड चाचपली आणि मग ठोकळा उचलला. त्या थांबण्यात मला जे दिसलं ते सेकंदांच्या आकड्यात मावत नाही. त्याच्या आईला मी तेच आधी सांगितलं, की पोरगं शिकतंय, हळू शिकतंय. मग कामत चाचणी, म्हणजे बुद्ध्यांक मोजायची चाचणी, घेतली. बिनेची चाचणी कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली होती. आपल्या सीमाभागात आजही तिचा उपयोग होतो.

बोटांच्या ठशांबद्दल: त्याला शास्त्रीय आधार नाही. तू सोडलंस ते योग्य केलंस. मनाला लावून घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. लागलंय ते चांगलं आहे.

फलटण_समुपदेशक

मी एचआयव्ही तपासणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, समुपदेशक आहे. नऊ वर्षं झाली. याला आरसीआय लागत नाही, मानसशास्त्र, समाजकार्य, समाजशास्त्र वगैरे पदव्या चालतात, प्रशिक्षण ते लोकच देतात. काम मनाला भिडणारं आहे. आधी बोलायचं, मग तपासणी, मग निकाल घेऊन समोर बसायचं. निकाल सांगताना दार नीट लागलंय का हे मी आजही दोनदा बघतो.

पण कंत्राट ते कंत्राटच. मुदत संपत आली की पुन्हा ऑर्डरची वाट बघायची. लग्न ठरताना मला त्याचा त्रास झाला, लपवत नाही.

तुमच्यासारख्यांसाठी बघण्यासारख्या जागा: उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयातल्या किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकचे समुपदेशक, अत्याचारग्रस्त महिलांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, टेली-मानस म्हणजे १४४१६ ही हेल्पलाइन. लहान मुलांच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात जे डीईआयसी केंद्र असतं तिथंही मानसशास्त्रज्ञाचं पद असतं. जाहिराती जिल्ह्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर 'भरती'त येतात आणि अर्जाला कधीकधी आठच दिवस देतात. दर सोमवारी बघायची सवय लावा. फाईलच्या पाच झेरॉक्स तयार ठेवा.

एक_आई_इस्लामपूर

माझी मुलगी यंदा बी.ए. होईल. तिला दूरशिक्षणानं एम.ए. मानसशास्त्र करायचंय, म्हणजे नोकरीही करता येईल. चालेल का?

मिरजकर

नाही ताई. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश थांबवलेत. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात मानसशास्त्रज्ञ येतात, म्हणून. कुणी एजंट "आमच्याकडे होतं" म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. नियमित वर्गालाच घाला.

सांगली_निवृत्त_शिक्षिका

बाळ, मी शाळेत पस्तीस वर्षं काढली. कऱ्हाडच्या त्या शाळेबद्दल सांगते. तिथं जाण्याआधी तीन गोष्टी लेखी मागून घे: बसायला दार लागणारी खोली, आठवड्याचे ठरलेले तास, आणि रेक्टरचं काम तुझ्याकडे नाही हे. निवासी शाळेत समुपदेशक म्हणून घेतात आणि रात्री हजेरी घ्यायला लावतात. मग मूल तुझ्याकडे मनातलं बोलायला कसं येणार? ज्या बाई सकाळी ओरडल्या त्यांच्यापाशीच?

आणि हेही सांग त्यांना, की विशाखापट्टणमच्या नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं, क्लास सगळ्यांसाठी निर्देश दिलेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. आपल्याकडे किती शाळांनी केलंय ते मी जवळून बघतेय, आणि वाईट वाटतं. पण तुझ्या हातात हा कागद असला तर नऊ हजारांवर बोलणी थांबायचं कारण नाही.

आईचं बी.एड.ही उडवून लावू नकोस. कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायला एम.ए.बरोबर ते लागतं. मात्र कला शाखेच्या तुकड्याच कमी होत चालल्यात आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर या विषयाच्या जागा हातावर मोजण्याएवढ्या निघतात. वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट-सेट. तीही झाली की आधी तासिका तत्त्वावर वर्षं जातात.

कुपवाड_एचआर

एमआयडीसीत एचआरला मानसशास्त्रवाले आम्ही घेतो, पण कामगार कायदे आणि पीएफ-ईएसआय येणारा आधी लागतो. पगार ठीक, पण तुम्ही जे लिहिलंय त्याच्याशी याचा संबंध नाही. तुम्ही इकडे रमणार नाही असं वाटतं.

कोरेगावची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं आई-बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कंत्राटाचं आलं तेव्हा आई गप्प झाली. मिरजेच्या ताईंनी लिहिलेलं विद्यावेतनाचं वाक्य बाबांनी परत वाचायला लावलं.

ठरवलंय ते असं. एमपीएससी नाही. दादा, तुम्ही मनापासून सांगितलंत, पण मीही अर्ध्या मनानंच करेन. कऱ्हाडच्या शाळेत बाईंनी सांगितलेल्या तीन गोष्टी लेखी मागायला बुधवारी जातेय. मिळाल्या तर वर्षभर ते काम आणि सकाळी प्रवेश परीक्षेचा अभ्यास. नाही मिळाल्या तर फलटणच्या दादांनी सांगितलेल्या जागांवर अर्ज. साताऱ्यातच 'परिवर्तन' संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं काम करते. एवढ्या जवळ असून मी कधी आत गेले नव्हते. तिथं स्वयंसेवक म्हणून घेतात का ते या आठवड्यात विचारते.

मिरजेच्या ताई, एक विचारायचं राहिलं. नोंदणी नसलेल्या माझ्यासारखीला शाळेत नेमकं कुठपर्यंत जायची परवानगी आहे? समजा एखादं पोर हातावरचे ब्लेडचे वण दाखवायला लागलं तर?

मिरजकर

ऐकून घेणं हे तुझं काम, आणि ते पूर्ण कर. घाबरून लगेच बाहेर पळू नकोस. मरायचा विचार येतो का हे सरळ विचार, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. मूल धोक्यात दिसलं तर एकटं सोडायचं नाही. "हे कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच द्यायचं नाही. पालक आणि मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवायचं आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं. काय ऐकलं, किती वाजता कुणाला कळवलं, ते वहीत लिहून सही कर. निदान लिहायचं नाही, बुद्ध्यांकाचा दाखला द्यायचा नाही, पाटीवर 'क्लिनिकल' हा शब्द नको. शाळेत रुजू होण्याआधी जवळच्या मनोविकारतज्ज्ञांना भेट आणि त्यांचा नंबर त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

तुमच्याकडून मिरजेला थेट रेल्वे आहे. बुधवारची बोलणी झाली की निरोप टाक. प्रवेश परीक्षेच्या माझ्या जुन्या वह्या आहेत, एक दिवस येऊन घेऊन जा.

कोरेगावची

येते ताई. आत्यालाही यायचंय बरोबर, तिच्या डॉक्टरांना भेटायचं म्हणतेय.