फोन कुलूपबंद, माणूस बेशुद्ध : तुमचे अनुभव लिहा

गेल्या मार्चमध्ये बाबा नेहमीसारखे सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला गेले आणि चढावर चक्कर येऊन पडले. वय ७१. फिरायला आलेली मंडळी लगेच जमली. कोणी सावलीत नेलं, कोणी १०८ ला फोन लावला. एका काकांनी बाबांच्या खिशातून मोबाईल काढला, तर त्याला पॅटर्नचं लॉक. त्यांनी बाबांचा अंगठा टेकवून पाहिला, पण बाबांनी त्यात बोटाचा ठसा कधी दिलाच नव्हता. मग ते काका फोन हातात धरून, कोणाचा तरी फोन येईल म्हणून वाट बघत राहिले. अॅम्ब्युलन्समध्येसुद्धा तो फोन त्यांच्याच हातात होता. पाऊण तासाने आईचा फोन आला, "अहो, दूध घेऊन येताय ना?" आणि पलीकडून अनोळखी आवाज.

बाबांच्या फोनमध्ये माझा नंबर होता, दादाचा होता, डॉक्टरांचाही होता. त्यातला एकही त्या पाऊण तासात कोणाच्या कामी आला नाही. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात आणि डोक्याला मार लागला होता. ही गोष्ट तिथल्या डॉक्टरांना कळायलाही तेवढाच उशीर झाला. सात टाके पडले. आता बरे आहेत.

म्हणून विचारतेय. अडीअडचणीच्या वेळचा नंबर तुम्ही फोनमध्ये कसा ठेवलाय, आणि खरोखर वेळ आली तेव्हा काय झालं? जमलं तेही लिहा, फसलं तेही लिहा.

नाशिकहून, कॅज्युअल्टीतली सिस्टर

सोळा वर्षं या कामात आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

बेशुद्ध पेशंट एकटा आला की आमच्यातली एक सलाईन लावते आणि दुसरी खिसे बघते. पाकीट, आधार कार्ड, औषधाची चिठ्ठी, फोन. काहीच सापडलं नाही तर रजिस्टरमध्ये 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५' असं लिहितो. ते लिहिताना हात जड होतो, कारण त्याच्या घरी कोणीतरी जेवायचं थांबलेलं असतं.

फोन उघडा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. एका कॉलेजच्या मुलाच्या फोनमध्ये 'आई', 'आई नवीन' आणि 'आई जिओ' असे तीन नंबर होते. पहिले दोन बंद. दुसऱ्या एकाच्या फोनमध्ये बायकोचा नंबर 'होम मिनिस्टर' नावाने होता. तो आम्हाला लगेच कळला, पण 'एस' किंवा 'आर २' वरून आम्ही काय ओळखणार? नाव आणि नातं दोन्ही लिहा. 'सुनीता बायको', 'महेश भाऊ', इतकं पुरतं.

पूर्वी लॉक असलेल्या किंवा बंद पडलेल्या फोनचं सिम काढून आमच्या फोनमध्ये घालायचो. नंबर सिमवर सेव्ह असायचे, चार-पाच तरी सापडायचे. आता नंबर गूगलच्या खात्यात असतात, सिम कोरं निघतं. तरी घालून ठेवतो, निदान आलेला फोन घेता येतो.

सगळ्यात जास्त अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आम्ही दवाखान्याच्या लँडलाईनवरून किंवा आमच्या स्वतःच्या मोबाईलवरून फोन करतो. समोरच्याला वाटतं लोनवाले असतील, आणि तो कट करतो. मी एका बाईंना अकरा वेळा फोन केला होता. म्हणून जो माणूस अनोळखी नंबर उचलतो, त्याचाच नंबर द्या. आणि त्याला तुमच्या गोळ्या, साखर, बीपी, कशाची अॅलर्जी आहे, मागची ऑपरेशन्स, हे तोंडपाठ नसलं तरी कुठे लिहून ठेवलंय ते माहीत असू दे. आमचा पहिला प्रश्न "तुम्ही कोण?" असतो, पण दुसरा लगेच "त्यांना कसल्या गोळ्या चालू आहेत?" हाच असतो.

चिपळूणहून

मी मदत करणाऱ्याच्या बाजूचा अनुभव लिहितो. दोन वर्षांपूर्वी मुंबई-गोवा हायवेवर संगमेश्वरच्या अलीकडे पावसात एक बाईकवाला घसरून पडला होता. मी गाडी थांबवली. बायको म्हणाली, "अहो, पोलिसांच्या लफड्यात अडकू." तिची भीती खोटी नव्हती, आमच्या लहानपणापासून हेच ऐकलंय. पण २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही.

त्याच्या फोनला लॉक होतं. स्क्रीनच्या खाली 'इमर्जन्सी' लिहिलेलं असतं, ते आपण रोज बघतो आणि कधी दाबत नाही. मी दाबलं. डायलचे आकडे आले आणि वरच्या बाजूला 'इमर्जन्सी इन्फर्मेशन'. त्यावर दोनदा टॅप केल्यावर त्याचं नाव, रक्तगट ओ पॉझिटिव्ह आणि खाली दोन नंबर. लॉक न काढता तिथूनच फोन लागला. त्याची बहीण लांज्याला होती, आम्ही दवाखान्यात पोचलो त्यानंतर तासाभरात ती आली. त्या मुलाने कधीतरी पाच मिनिटं बसून ती माहिती भरली होती, एवढंच. आयफोनमध्ये हेच 'मेडिकल आयडी' नावाने हेल्थ अॅपमध्ये असतं. त्यात 'लॉक असताना दाखवा' हा पर्याय चालू आहे का ते बघून घ्या. माझ्या भाच्याने सगळं भरलं होतं आणि नेमका तोच बंद होता.

लेस्टरहून

२००५ साली मी केंब्रिजला शिकत होतो. तिथल्या अॅम्ब्युलन्स सेवेतले पॅरामेडिक बॉब ब्रॉची यांनी त्याच वर्षी मोहीम सुरू केली की फोनमध्ये 'आयसीई' नावाने एक नंबर ठेवा, म्हणजे 'इन केस ऑफ इमर्जन्सी'. ७ जुलैला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले आणि पुढच्या काही दिवसांत ही सूचना ईमेलवरून सगळीकडे फिरली. मीही त्याच आठवड्यात पुण्यातल्या काकांचा नंबर तसा ठेवला. तेव्हा फोनला लॉक नसायचं, म्हणून नुसतं नाव पुरायचं. आज फक्त 'आयसीई' नावाने नंबर सेव्ह करून निर्धास्त राहिलात, तर तो नंबर कुलपाच्या आतच राहतो.

सातारा, वाईजवळचं गाव

आजीकडे कीपॅडचा फोन आहे. तिला वाचता येत नाही. २ हा आकडा दाबून धरला की मला लागतो, ३ ला मामा, ४ ला शेजारची वहिनी. स्पीड डायल लावून दिलाय आणि आकड्यांवर रंगीत टिकल्या चिकटवल्यात. ५ मुद्दाम मोकळा ठेवला, कारण १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनसाठी सरकारचा नियम आहे की साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरला की मदतीच्या नंबरला लागावा. मागच्या झाकणाखाली बॅटरीवर माझं नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी आहे. ती प्लास्टिकच्या पिशवीत घातलीय, आजी फोन कमरेला खोचते आणि घामाने शाई फुटते.

डोंबिवलीहून

मला फिट्स येतात. तीन वर्षांपूर्वी सकाळच्या लोकलमध्ये आली. बायकांनी जागा करून दिली, कोणीतरी लॉक स्क्रीनवरून माझी माहिती उघडली आणि पहिल्या नंबरला फोन लावला. तो नंबर माझ्या वडिलांचा होता. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं. नंबर बंद होता, आणि माझ्याकडून तो काढवतच नव्हता.

त्या बायकांनी दुसरा नंबर लावला, नवरा ठाण्याला आला. मी तो नंबर अजून फोनमध्ये ठेवलाय, पण त्या यादीतून काढला. काढताना खूप रडले. तुमच्याही यादीत असं कोणी असेल तर एकदा बघा, इतकंच सांगते.

सोलापूरहून

पॉवर बटण पटापट दाबलं की ११२ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लागतो, ते माहीत नव्हतं. खिशात दाबलं गेलं. मी घाबरून कट केला, तर तिकडून पुन्हा फोन आला. कट करू नका, थांबून "चुकून लागला" एवढं सांगा. नाहीतर त्यांना शोध घेत बसावा लागतो.

धागा काढणारी, पुन्हा

सगळं वाचून रविवारी बाबांच्या फोनवर बसलो. नंबर तीन ठेवले. पहिला माझा, दुसरा दादाचा, तिसरा खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा, कारण त्या कुठलाही फोन पहिल्या रिंगला उचलतात. आईचा नंबर मुद्दाम घातला नाही, हे तिनेच सुचवलं. "माझ्या हातून त्या वेळी काही सुधरणार नाही," म्हणाली. गोळीचं नाव बाबांनी गोळ्यांच्या पाकिटावर बघून स्वतः टाईप केलं.

मग काकूंच्या सातवीतल्या नातवाला बोलावलं, लॉक असलेला फोन त्याच्या हातात दिला आणि काही न सांगता म्हटलं, "हे आजोबा पडलेत असं समज. तू काय करशील?" त्याने फोन उलटसुलट केला, बाबांचा अंगठा लावून पाहिला, मग खालचा 'इमर्जन्सी' दिसला. बाबा सोफ्यावर डोळे मिटून पडले होते आणि स्वयंपाकघरात माझा फोन वाजला.