शब्दचर्चा: 'डे' म्हणजे दिवस, वार की तारीख?

वाचनवेडी: डेटाबेसच्या एका पाठाचं मराठी करतेय. तारखेतून वर्ष, महिना वगैरे सुटं काढणारी फंक्शन्स. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत १५ ऑगस्ट २०२४ ला 'डे' लावलं तर १५ मिळतात, 'डेनेम' लावलं तर थर्सडे, 'डेऑफवीक' लावलं तर ५. तिन्हीकडे 'दिवस' कसं लिहू? आणि 'एक्स्ट्रॅक्ट'ला काय? कोशातलं 'निष्कर्षण' घशाखाली उतरत नाही.

खडूफळा: यात अडचण कसली? १५ ही तारीख, गुरुवार हा वार. "आज वार कोणता?" विचारलं तर कुणी "पंधरा" म्हणत नाही.

वाचनवेडी: मग १५ ऑगस्ट २०२४ या अख्ख्याला काय म्हणू? तीही तारीखच ना?

निरुक्तप्रेमी: तो दिनांक! सावरकरांनी दिलेला इतका सुटसुटीत शब्द असताना अरबी 'तारीख' कशाला?

पोटापुरता_कोडर: दिनांक फक्त अर्जावर असतो हो. कोर्टात तारीखच पडते.

निरुक्तप्रेमी: म्हणून विद्यार्थ्यांनाही तेच शिकवायचं?

बांधावरून: एक्स्ट्रॅक्टला 'उतारा' घ्या. सातबाराचा उतारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ मधला आपल्या गटापुरता मजकूर. मूळ नोंद जागेवर राहते, हवं तेवढं आपल्या हातात येतं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, वेगळं काय करते?

खडूफळा: आमच्याकडे उतारा तिठ्यावर ठेवतात, लिंबू-नारळासकट.

बांधावरून: मग ओलांडू नका :)

पंचांगी: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं, म्हणून पंचांग. त्याच चालीवर वर्ष, महिना ही 'तारखेची अंगं' म्हणा. वाराचा आकडा मात्र जपून. मायएसक्यूएलच्या 'डेऑफवीक'मध्ये रविवार १, त्याच्याच 'वीकडे'मध्ये सोमवार ०, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीच्या 'डीओडब्ल्यू'त (डे ऑफ वीक) रविवार ०. शब्द कुठलाही घ्या, मोजणी कुठून सुरू होते ते लिहिल्याशिवाय पाठ निरुपयोगी.

पोटापुरता_कोडर: आठवडा तर त्याहून वाईट. पोस्टग्रेसला १ जानेवारी २०२१ चा 'वीक' विचारा, ५३ येतो! आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या हिशेबात तो २०२० चा आठवडा. सोबत 'इयर' घेतलं की अहवालात '२०२१ चा ५३ वा आठवडा' छापून येतो. तिथे 'आयएसओइयर' लागतं. 'क्वार्टर'ही एप्रिलला २ देतं, आपल्या ताळेबंदात ती पहिली तिमाही.

निरुक्तप्रेमी: मुळात सात दिवसांचा 'आठवडा' का, यावर कुणी बोलेल का? सोमवार ते सोमवार, दोन्ही टोकं धरून आठ, असं माझं मत.

बांधावरून: 'हप्ता' घ्या मग. फारसीत हफ्त म्हणजे सातच.

खडूफळा: हप्ता म्हटलं की पोरांना आधी कर्ज आठवेल.

निरुक्तप्रेमी: पुन्हा फारसी! 'सप्ताह' काय वाईट आहे?

पोटापुरता_कोडर: सप्ताह म्हणजे टाळ-मृदंग आणि शेवटी काल्याचं कीर्तन. क्वेरीत नको.

वाचनवेडी: अख्ख्या तारखेचं राहिलंच. आणि 'फंक्शन'ला 'फलन' लिहू का?

निरुक्तप्रेमी: फलनच. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे आठवडा चालू आहे.