ट्रेनिंगचा विषय कोण ठरवणार, एचआर की लाल डबा?

बोअरवाला
चाकणला सीएनसी शॉपवर (कॉम्प्युटरने चालणारी कटिंग मशीन असतात तिथे) शिफ्ट बघतो. मागच्या महिन्यात आमच्या पोरांना अख्खा दिवस 'टाइम मॅनेजमेंट' शिकवलं, का तर माणशी वर्षाला १६ तास भरायचेत. त्याच आठवड्यात रिजेक्शनचा, म्हणजे बाद पीसचा लाल डबा अंडरसाइज बोअरने (भोक मापापेक्षा लहान झालेल्या पीसनी) काठोकाठ. निघालं काय, तर नवीन पोरगा मशीनमधून काढलेला गरम पीस तसाच बोअर गेजने मोजायचा, बोअर मोठं दिसलं की ऑफसेट (मशीनमधलं टूलच्या मापाचं सेटिंग) कमी करायचा आणि पीस गार झाला की बोअर लहान. ॲल्युमिनियमचं ५० मिमीचं बोअर २० डिग्री जास्त गरम असेल तर साधारण २३ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मोठं दिसतं, आमचा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच २५ आहे! मशीनशेजारी उभं राहून दहा मिनिटांत समजावलं, प्रश्न मिटला. म्हणून म्हणतो, ट्रेनिंग लाल डबा बघून ठरवा, कॅलेंडर बघून नको.

एचआर_बदनाम
दादा, दर जानेवारीत सगळ्या इन्चार्जना मेल टाकते, काय शिकवू सांगा. दोघांची उत्तरं येतात, दोन्हींत 'कम्युनिकेशन'. मग मी काय स्वप्नात बोअर गेज बघू? आणि डिस्पॅचच्या आठवड्यात पोरं मागितली की तुम्हीच म्हणता लाइन थांबेल.

बोअरवाला
मेलचं मान्य, तिथे आम्ही चुकतो. पण ताई, आयएटीएफचा (वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डचा) ऑडिटर नुसते तास मोजत नाही, ट्रेनिंगचा परिणाम तपासला का ते विचारतो. आपण त्याला फीडबॅक फॉर्म दाखवतो, त्यात पोरांनी लिहिलेलं असतं जेवण छान होतं.

एचआर_बदनाम
😀 खरंय. कर्कपॅट्रिक नावाच्या अभ्यासकाने १९५९ मध्येच ट्रेनिंगचा परिणाम तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्यात, आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का, धंद्याला फरक पडला का. आपण पहिलीवरच बसकण मारलीय. पण शेवटच्या दोन तपासायच्या तर शॉपवरचा आकडा तुम्हीच द्यायला पाहिजे ना.

आयटीआय_टर्नर
दोघंही कंपनीचंच बघताय. मी १२ वर्षं एकाच मशीनवर एकच इंजिनचा पार्ट काढला, रिजेक्शन जवळपास शून्य, म्हणजे तुमच्या हिशोबाने मला ट्रेनिंगची गरजच नव्हती. मग पार्ट बंद झाला आणि दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला विचारलं प्रोग्रामिंग येतं का, सीएमएम (पीसची मापं तपासायचं मशीन) येतं का. काय सांगणार, बटण दाबता येतं? इलेक्ट्रिक गाडीत ना पिस्टन ना कनेक्टिंग रॉड, ते काढणाऱ्या पोरांचं काय होणार हे लाल डब्यात दिसत नाही. अप्रेंटिसचंही तेच, १९६१ च्या कायद्याने पोरगं शिकायला आणायचं आणि वर्षभर लोडिंगला उभं करायचं.

बोअरवाला
हे लागलं राव. पण ज्याला प्रोग्रामिंग शिकवतो तो सहा महिन्यांत दोन हजार जास्त मिळाले की शेजारच्या गेटात जातो, तेव्हा मालक मला धरतो.

आयटीआय_टर्नर
मग दोन हजार तुम्हीच वाढवा की.

एचआर_बदनाम
पगारावर नंतर भांडा. बोअरवाले दादा, मंगळवारी शिफ्ट बदलताना २० मिनिटं देता का? विषय तुमचा, शिकवणाराही तुमचाच सेटर (मशीन लावून देणारा).

बोअरवाला
देतो. ओव्हरटाइम कुणाच्या खात्यात टाकणार ते आधी सांगा.