ज्वाळा विझली म्हणजे वायू थांबला असं नाही

'तेलविहिरींवरच्या ज्वाळा कायद्यानं सरसकट बंद करा' असं वर दोघांनी लिहिलंय. तळमळ पटते, पण सरसकट नको. दाब अचानक वाढला की तेलाबरोबर वर येणारा वायू जाळावाच लागतो, त्यानं माणसं वाचतात. थांबवायचं ते रोजचं जाळणं. आणि नुसत्या बंदीनं काय होतं ते नायजेरियात दिसलंय: कायदा १९७९चा, बंदी १९८४पासून, पण दंड इतका किरकोळ की जाळणं आजही चालूच आहे.

माझा मुद्दा वेगळा आहे. मी काही वर्षं अरबी समुद्रातल्या एका तेलाच्या प्लॅटफॉर्मवर होतो. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस नाशिकला घरी. एकदा पावसाळ्यात मध्यरात्री वाऱ्यानं ज्वाळा विझली. डेकवरचा नारिंगी उजेड एकदम गेला, पण बूमच्या, म्हणजे वायू बाहेर नेणाऱ्या लांब दांड्याच्या, टोकाचा फुत्कार तसाच चालू! पायलट, म्हणजे मोठी ज्वाळा पेटती ठेवणारी छोटी ज्योत, पुन्हा पेटेपर्यंत तो सगळा वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, न जळता हवेत गेला. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता धरतो. अमेरिकेत विमानातून मोजमाप केलं, २०२२मध्ये निष्कर्ष आले: ९८ टक्के मिथेन जळतो असं धरलं जायचं, प्रत्यक्षात ९१च. त्यात विझलेल्या ज्वाळांचा वाटा मोठा.

उपग्रह रात्री आग टिपतात, म्हणजे विझलेली ज्वाळा त्या नोंदीत 'जाळणं बंद' अशीच दिसणार. म्हणून नियमात वायूचं मीटर आणि पायलटवर चोवीस तास नजर, दोन्ही हवंच. निफाडला आमचे काका गोबरगॅसची शेगडी विझली की आधी कॉक बंद करतात, मग काडी शोधतात.