शब्द सुचवा : 'मूव्ह' आणि 'ड्रॅग'

शिवाजीनगर
पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी कीकॅडची, म्हणजे सर्किट आणि त्याचा बोर्ड आखायच्या प्रोग्रामची, मराठी पुस्तिका लिहिते आहे. सर्किटच्या आकृतीत एखादा भाग निवडून एम ('मूव्ह') दाबला की तो भाग एकटाच जातो, तारा जागेवर राहतात आणि जोड सुटतो. जी ('ड्रॅग') दाबला तर तारा ताणल्या जातात, जोड कायम राहतो. मी 'हलवणे' आणि 'ओढणे' लिहिलं आहे. मुलं म्हणतात, मॅडम, दोन्ही एकच की.

जाणता_शब्दप्रेमी
स्थानांतरण आणि कर्षण.

तपकीर गल्ली
कर्षण म्हटलं की रेल्वेचं उपकेंद्र डोळ्यांपुढे येतं हो. आमच्याकडे काउंटरवर पोरं येतात ती 'ट्रॅक उडालाय', 'पॅड निघालं', 'प्लेट शॉर्ट मारते' असंच बोलतात. ट्रॅक, पॅड, शॉर्ट यांना हात लावू नका. फक्त ट्रॅक बोर्डाच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेणाऱ्या भोकाला 'वाया' न लिहिता 'व्हाया' लिहा. 'बोर्डात बारा वाया आहेत' वाचून गिऱ्हाईक पैसे परत मागेल.

कर्वेनगर
मुलांचं बरोबर आहे. कढीही हलवतात आणि कपाटही हलवतात, त्यामुळे 'हलवणे' फारच ढिलं आहे. 'ओढणे'त मागून काही येईलच अशी खात्री नाही, खुर्ची ओढली तर खुर्चीच येते. इथे सगळा अर्थ तारांचं काय होतं यात आहे, क्रियापदात नाही. मग तेच सांगा ना! 'नुसता भाग सरकवा' आणि 'तारांसकट सरकवा'. मुळासकट उपटलं, सालासकट खाल्लं, तसं. 'सकट' कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तपकीर गल्ली
+१. 'तारांसकट' झकास.

जाणता_शब्दप्रेमी
पण मेनूत एवढा मोठा शब्द मावेल का? एकाच शब्दात बसवण्याला काही महत्त्व आहे की नाही?

कर्वेनगर
आहे, पण कळण्याच्या खालोखाल. मुळात 'मूव्ह' आणि 'ड्रॅग' हे इंग्रजी वाचणाऱ्या नवख्यालाही पहिल्यांदा उमगत नाहीत. ज्याँ-पिएर शारास यांनी हा प्रोग्राम १९९२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केला. पुढे 'सर्न' या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने हातभार लावला, २०२१ च्या अखेरीस आलेल्या सहाव्या आवृत्तीत आकृतीच्या एडिटरची हाताळणी बोर्डाच्या एडिटरशी बरीच जुळवून घेतली. वापरायला पुष्कळ सुधारला, पण ही जोडी मात्र अजून तिथेच आहे.

शिवाजीनगर
'तारांसकट' घेते. आता अवघड दुखणं. प्रोग्रामकडून सर्किटची तपासणी चालवली की एक तक्रार हमखास येते. शब्दशः केलं तर 'इनपुट पॉवर पिन कोणत्याही आउटपुट पॉवर पिनने चालवलेली नाही'. मुलं कनेक्टरकडे बोट दाखवून म्हणतात, वीज दिलीय की इथून! यातल्या 'ड्रिव्हन'ला काय म्हणू?

धायरी
काहीच म्हणू नका. तो शब्द चिप बनवणाऱ्यांच्या डोक्यातून आला आहे. घडतं एवढंच : कनेक्टरच्या पिना प्रोग्रामच्या लेखी नुसत्या 'पॅसिव्ह' असतात, त्या वीज देतात की घेतात हे त्याला माहीत नसतं. तिथे रेग्युलेटरची आउटपुट पिन असती तर तो गप्प बसला असता. म्हणून वाक्य असं करा : 'या पिनेला वीज कुठून येते ते कळत नाही. कनेक्टरवरून येत असेल तर त्या तारेला पॉवर फ्लॅग लावा.' पॉवर फ्लॅग म्हणजे 'इथून वीज येते' असं प्रोग्रामला सांगणारी खूण. आणि ती ग्राउंडलाही लावायची हे ठळक लिहा. निम्मे जण तिथेच अडकतात, प्लसला फ्लॅग लावून झाला तरी तक्रार जात नाही म्हणून डोकं धरून बसतात.

जाणता_शब्दप्रेमी
हे भाषांतर नव्हे, ही वाढीव शिकवणी झाली. मुळात नाही ते घालायचा अधिकार भाषांतरकाराला कुणी दिला?

धायरी
प्रोग्रामच्या मराठी फाइलीपुरता मुद्दा मान्य. तिथे पहिलं वाक्य ठेवा, दुसरं पुस्तिकेत घाला. पण खरा उपाय म्हणजे इंग्रजी वाक्यच बदला असं प्रोग्राम बनवणाऱ्यांना, त्यांचं काम चालतं त्या गिटलॅब साइटवर, लिहिणं. मूळच कुणाला कळत नसेल तर आपण मराठीत तेच न कळणं पोचवत राहू.

कर्वेनगर
अवांतर : बोर्डावर काय कशाला जोडायचं ते दाखवणाऱ्या बारीक रेषांचं, 'रॅट्सनेस्ट'चं, काय केलंत? उंदराचं बीळ नाही ना लिहिलं?

शिवाजीनगर
'जाळं' लिहिलं होतं, पण मुलांना त्या बारीक रेषा म्हणजे तांब्याचे ट्रॅकच वाटतात. सगळं जोडलेलं दिसतं म्हणून बोर्ड बनवणाऱ्याला द्यायची गर्बर फाइल काढून मोकळी होतात. बोर्ड हातात आला की जोड गायब.

धायरी
मग 'कच्चे जोड'. शिंप्याच्या कच्च्या शिलाईसारखे, कुठे काय जोडायचं ते दाखवणारे. ट्रॅक टाकला की ती रेषा आपोआप जाते, तेही शब्दात बसतं.

तपकीर गल्ली
हा शब्द आमच्याकडेही चालेल. 'कच्चे जोड शिल्लक आहेत का बघ', बोलायला सोपं.

शिवाजीनगर
सोमवारच्या बॅचला वापरून बघते. आता 'ॲनोटेट' तेवढं उरलं. 'भाष्य करणे' आलं आहे डिक्शनरीतून.

कर्वेनगर
रेझिस्टरवर कसलं भाष्य! 'आर प्रश्नचिन्ह'चं 'आर १' होतं, एवढंच ना? 'नंबर टाका' लिहा.